आमच्या देवळाचे मूळपुरुष

जुन्या देवळाच्या दारापाशीं बहुधा एक संगमरवरी पाटी असते. तिच्यावर स्थापनेचें साल, जीर्णोद्धाराचें साल आणि आजवर होऊन गेलेल्या धर्मगुरूंचीं नांवें कोरलेलीं असतात. वसई तालुक्यांतील आमच्या गांवच्या देवळासही तशी पाटी आहे. तिच्यावरील पाद्र्यांचीं नांवें मला लहानपणापासून पाठ आहेत. परंतु तींत गांवच्या एकाही घराण्याचें नांव नाहीं, ही गोष्ट पुष्कळ वर्षांनीं ध्यानांत आली. ज्यांनीं दगड वाहिले, चुना मळला, वाडींतलीं केळीं विकून तेलवातीचा खर्च चालविला आणि पाद्री नव्हते तेव्हां देवळाच्या किल्ल्या संभाळल्या, तीं माणसें त्या पाटीच्या लेखीं झालींच नाहींत. आपल्या वार्षिकाच्या संपादकांनीं गांवच्या देवळाचा इतिहास लिहावयास सांगितलें, तेव्हां पाटीवरची यादी उतरून देणें सोपें होतें. मीं ती न देतां तींत जें नाहीं त्याविषयीं लिहीत आहें.

बाप्तिस्त पंथाच्या मंडळ्यांत ही अडचण सहसा पडत नाहीं. त्या पंथांत तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा नाहीं. जाणत्या वयाच्या माणसानें स्वतः विश्वास कबूल केला पाहिजे, मग त्यास पाण्यांत बुडवून बाप्तिस्मा द्यावयाचा. अशीं चार माणसें एकत्र येऊन परस्परांशीं करार करितात आणि मंडळी स्थापन होते. मंडळीच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांचीं नांवें असतात आणि शंभर वर्षांनीं त्यांच्या पणतवंडांस तें पान उघडून बोट ठेवितां येतें. विल्यम केरी हा याच पंथाचा. त्यानें बंगालांत श्रीरामपूर येथें बसून वैजनाथ पंडिताच्या साह्यानें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण काढिलें आणि १८११ सालीं मराठी नवा करार. परंतु केरी जन्मास येण्यापूर्वींच आमच्या वसईच्या किनाऱ्याला ख्रिस्ती होऊन दोनशें वर्षें झालीं होतीं, आणि तीही करारपत्रानें नव्हे. आमच्या पूर्वजांच्या सहीचें पान नाहीं. त्यांस सही येत नव्हती, आणि कोणीं मागितलीही नव्हती.

हकीगत सर्वांस ठाऊक आहे ती थोडक्यांत सांगतों. २३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजरातचा सुलतान बहादुरशहा यानें तह करून वसई व तिच्या भोंवतालचा मुलूख पोर्तुगीजांस दिला. मागोमाग फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन अशा संघांचे धर्मगुरु आले. सांडोरचें संत थॉमसचें देऊळ १५६६ सालचें, नंदाखालचें पवित्र आत्म्याचें १५७३ सालचें, अशीं एकेका गांवाचीं सालें सांगतात. आंतोनिओ दो पोर्तो या फ्रान्सिस्कनाचें नांव या मुलखांत दोन प्रकारें घेतात. त्यानें ख्रिस्तमंदिरें उभारिलीं हें खरें, आणि जुनीं देवस्थानें मोडिलीं हेंही खरें. बोरीवलीजवळच्या मंडपेश्वराच्या लेण्यांत शिवाच्या मूर्तींशेजारीं क्रूस आला तो त्याच काळीं. अनाथ हिंदु मुलें ख्रिस्ती पालकांच्या स्वाधीन करण्याचा पोर्तुगीजांचा कायदा होता, हेंही आपल्या विद्यार्थ्यांस माहीत असावें. उलटपक्षीं याच वसईंत १५५६ च्या सुमारास जन्मलेला गोन्सालो गार्सिया, ज्याचा बाप पोर्तुगीज व आई येथली, जपानांत नागासाकी येथें ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं क्रुसावर मेला, तो कोणाच्या जबरदस्तीनें नव्हे. १८६२ सालीं त्यास संतपद मिळालें. आमच्या मूळपुरुषानें पाण्याखालीं डोकें धरिलें तें भयानें, लाभाच्या आशेनें कीं श्रद्धेनें, याचा निकाल चारशें वर्षांनंतर लावूं पाहणारे लोक दोन्ही बाजूंस आहेत. मला त्यांचा हेवा वाटतो. माझ्या स्वतःच्या मनांतला हेतु मला धड सांगतां येत नाहीं.

मूळपुरुषाचें नांव कां सांपडत नाहीं याचें कारण मात्र स्पष्ट आहे. तें बाप्तिस्म्याच्या कुंडाशींच बदललें. ट्रेंट येथील धर्मसभेनें १५६३ सालीं ठरविलें कीं, बाप्तिस्म्याच्या वेळीं एक, फार तर एक पुरुष व एक स्त्री, धर्मपिता व धर्ममाता म्हणून उभी राहावी आणि त्यांचीं नांवें पुस्तकांत लिहावीं. नव्या ख्रिस्ती कुटुंबासाठीं धर्मपिता कोण? गांवांत जो पोर्तुगीज शिपाई, जमीनदार किंवा अंमलदार असेल तो. त्याचें आडनांव घरास मिळालें. म्हणून आमच्याकडे रॉड्रिग्ज, परेरा, लोपीस, डिसिल्वा, मच्याडो, डाबरे, तुस्कानो असे शेजारी शेजारी नांदतात. आणि एका आडनांवाचीं दोन घरें परस्परांचीं भाऊबंद असतीलच असें नाहीं. दोन्ही घरांनीं एकाच धर्मपित्याचा हात धरिला असेल, एवढेंच. लिस्बनच्या रस्त्यांत कोणी त्या नांवानें हांक मारिली तर तेथला मनुष्य वळून पाहील, आणि हा इकडे केळीच्या लोंगरावर गोणपाट झांकीत असेल.

ज्याच्या मुलाला आपण धर्मपुत्र मानिलें, तो आपला ‘कोंपाद्रे’ झाला, म्हणजे मुलाच्या बापाचा जोडीचा बाप. आमच्या सामवेदी बोलीच्या ख्रिस्ती समाजास ‘कुपारी’ म्हणतात; तें नांव या पोर्तुगीज शब्दावरून आलें असें अभ्यासक मानितात. ही व्युत्पत्ति मला फार आवडते. लोकांचे समाज धंद्यावरून, गांवावरून, कोणा राजावरून ओळखले जातात. आमचा समाज एका नात्यावरून ओळखला गेला, आणि तेंही रक्ताचें नव्हे.

पण येथेंच एक गोष्ट बोलून दाखविली पाहिजे. कुंडाच्या पाण्यानें आडनांव धुऊन निघालें. जात निघाली नाहीं. कुपारी कुपाऱ्यांत, वाडवळ वाडवळांत आणि कोळी कोळ्यांत लग्नें करीत राहिले. देऊळ एक, वेदी एक, आणि सोयरिकीच्या वाटा निराळ्या. माझ्या आजीच्या काळीं तर देवळांत बसण्याच्या जागाही कोणीं न सांगतां ठरलेल्या होत्या. ती धर्मपित्यांच्या उपकारांविषयीं तासभर बोले, पण धाकट्या आत्याचें लग्न कोळीवाड्यांत ठरण्याची नुसती बोलवा उठली तेव्हां तीन दिवस जेवली नव्हती. आत्या पुढें त्याच घरीं गेली आणि सुखानें नांदली, ही गोष्ट निराळी.

आतां मीं या पुस्तकांच्या नादाला कां लागलों तें सांगतों. आमची एक लहानशी वाडी आहे, तींत एक बावखल. वसईबाहेरील वाचकांसाठीं सांगितलें पाहिजे कीं, बावखल म्हणजे वाडींत खणलेलें गोड्या पाण्याचें तळें. पावसाळ्यांत तें भरतें, जमिनींत मुरतें, आणि समुद्र हांकेच्या अंतरावर असून विहिरीला खारें पाणी येत नाहीं तें त्याच्याच पुण्याईनें. पूर्वीं त्यावर रहाट असे. बैल फिरे आणि पाणी पन्हळींतून केळींस, पानवेलींस, मोगऱ्यास जाई. १८६७ सालीं विरारहून मुंबईस पहिली लोकलगाडी निघाली. पुढें याच गाड्यांतून भाजीफुलें मुंबईच्या बाजारीं जाऊं लागलीं. आमच्या राजेळी केळ्यांची सुकेळीं निर्मळच्या कार्तिकांतल्या यात्रेंत विकलीं जात. शंकराचार्यांच्या समाधीची ती यात्रा, आणि सुकेळीं वाळविणारे ख्रिस्ती. यांत कोणास कांहीं विशेष वाटत नसे.

तर या वाडीच्या वारसाची नोंद करावयाची होती. सातबाऱ्यावर नांव होतें पणजोबांचें, तलाठ्यानें कानाला आलें तसें मराठींत लिहिलेलें. एकाच माणसाचीं आमच्याकडे तीन नांवें असत. देवळाच्या पुस्तकांत पेत्रुस, घरीं पेद्रू, आणि मिशनच्या शाळेंत गेला असेल तर दाखल्यावर पीटर. इग्नातियुस घरीं इनास होई, पास्कालिस पास्कू होई. कचेरींतील गृहस्थ म्हणाले, सातबाऱ्यावरचा मनुष्य आणि तुमच्या दाखल्यावरचा मनुष्य एकच आहे याला पुरावा काय? प्रश्न रास्त होता. पण तो त्यांनीं दीड वर्ष, दर खेपेस नवा असल्यासारखा विचारला, हें रास्त नव्हतें. दरम्यान वाडीच्या भोंवतालच्या जमिनी विकल्या जात होत्या आणि आमची वाडी कोणाचीच नाहीं असें समजून एका इमारतवाल्यानें बावखलाच्या कडेला मातीच्या दोन गाड्या ओतूनही ठेविल्या होत्या.

म्हणून मीं धर्मगुरूंच्या परवानगीनें बाप्तिस्म्याचीं जुनीं पुस्तकें उघडलीं. भाषा लॅटिन, शाई करपलेली, कडा वाळवीनें खाल्लेल्या. चार आठवडे, शनिवारीं दुपारीं, मी त्या खोलींत बसलों. लॅटिन मला येत नाहीं; परंतु तेच तेच पांच शब्द प्रत्येक नोंदींत येतात, त्यामुळें थोड्या वेळानें डोळा सरावतो. बाळाचें नांव, बापाचें, आईचें, मग धर्मपिता, धर्ममाता. वाचतां वाचतां एक गोष्ट ध्यानांत आली आणि माझें कागदाचें काम मी क्षणभर विसरलों. पहिला धर्मपिता पोर्तुगीज असेल. पण या पुस्तकांतल्या काळापर्यंत धर्मपिते सारे शेजारचेच झाले होते. आमच्या घरच्या मुलास पलीकडच्या वाडींतला कोंपाद्रे, त्याच्या मुलीस आमची पणजी धर्ममाता. पान उलटावें तों तींच आठदहा आडनांवें एकमेकांस मुलें सोंपवीत चाललेलीं. काहीं नोंदींपुढें शेरा होता कीं, मूल जगण्याची आशा नसल्यामुळें सुइणीनें घरींच बाप्तिस्मा दिला. धर्मशास्त्राप्रमाणें प्राणसंकटांत कोणीही बाप्तिस्मा देऊं शकतो. एकाच सुइणीचें नांव अनेक पानांवर येतें. पाटीवर तिचें नांव नाहीं हें सांगावयास नकोच.

पणजोबा सांपडले ते तिसऱ्या शनिवारीं. त्यांच्या नांवापुढें आडनांवाखेरीज आणखी एक शब्द कंसांत लिहिलेला होता, आणि तो लॅटिन नव्हता. तें आमच्या घराचें गांवांतलें टोपणनांव होतें. एका आडनांवाचीं पुष्कळ घरें असल्यामुळें कोणा चतुर पाद्र्यानें ओळख पटावी म्हणून घरनांव लिहून ठेविलें होतें. तेंच घरनांव सातबाऱ्यावर तलाठ्यानेंही लिहिलें होतें, आणि आम्हीं आजवर तो लिहिण्यांतला प्रमाद समजत आलों होतों. हें घरनांव मराठी आहे, पोर्तुगीजांच्या आधींचें असावें असें त्याच्या वळणावरून मला वाटतें. तसें सिद्ध करणें माझ्या शक्तीबाहेरचें आहे. परंतु आजी आम्हांस रागें भरतांना याच नांवानें साऱ्या घराण्याचा उद्धार करी. ज्या नांवाची लाज वाटून आम्हीं तें मुलांना सांगितलें नाहीं, त्यानेंच पणजोबांस ओळखपत्र दिलें.

माझ्या मतें आमच्या देवळाचे खरे स्थापक १५३४ नंतरच्या पिढीचे नव्हत. ते १७३९ नंतरच्या पिढीचे. त्या सालच्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांच्या फौजेनें वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, त्यांचे संघही गेले. ज्या सत्तेच्या भयानें किंवा लोभानें लोक ख्रिस्ती झाले असें म्हणतात, ती सत्ता एका उन्हाळ्यांत नाहींशी झाली. आतां परत जाण्यास वाट मोकळी होती, आणि कांहीं घराणीं परत गेलींही. त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. पण पुष्कळ राहिलीं. त्यांस कोणीं धरून ठेविलें? देवळें ओस पडलीं होतीं, थोडे देशी पाद्री अनेक गांवें मिळून संभाळीत होते, आणि घंटासुद्धां राहिल्या नव्हत्या.

या घंटांविषयीं दोन शब्द अधिक लिहितों. विजयाची खूण म्हणून मराठे सरदारांनीं देवळांच्या घंटा देशावर नेल्या. नाशकास गोदेच्या कांठीं नारोशंकराच्या देवळाची प्रसिद्ध घंटा आहे, तिच्यावर १७२१ हें साल आहे. वांईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यामागें घाटावर एक आहे, ती १७०७ ची. भीमाशंकरासही एक आहे. मुलांची सहल घेऊन मी नाशकास गेलों होतों तेव्हां नारोशंकराची घंटा पाहिली. एका विद्यार्थ्यानें विचारलें, “गुरुजी, ही आपली ना?” मीं म्हटलें, “ओतली ती देवासाठींच.” तो उत्तरावर खूष दिसला नाहीं. खरें सांगावयाचें तर मलाही तें उत्तर अर्धेंच वाटलें. पण अडीचशेंहून अधिक वर्षें गोदेच्या पुराचें पाणी पाहिलेली घंटा आतां आमच्या मनोऱ्यांत आणून बांधावी असेंही मला वाटत नाहीं. घंटेवांचूनच आमच्या लोकांनीं वेळ ओळखली. संध्याकाळीं दिवा लागला कीं घरोघर गुडघे टेकून रोजारीची प्रार्थना होई. घरासमोरचा दगडी क्रूस हेंच देऊळ होई. वसईंत फिरतांना वाटोवाट जे क्रूस दिसतात ते नुसते शोभेचे नाहींत.

पुढचा इतिहास मी भराभर उरकतों, कारण तो बहुतेक वरिष्ठांच्या भांडणाचा आहे. पोर्तुगालच्या राजाचा हक्क चालावा कीं थेट रोमचा, या वादांत एकेका गांवांत दोन तट पडले. १८८६ च्या करारानें दमणचें बिशपपीठ निर्माण झालें, १९२८ सालीं तें मोडून वसई मुंबईच्या आर्चबिशपांकडे गेली, आणि १९९८ सालीं वसईचें स्वतंत्र धर्मप्रांत झालें. या वादांत आमच्या पणजोबांनीं कोणता पक्ष घेतला होता असें मीं एकदां आजीस विचारलें. ती म्हणाली, “ते रहाटावर होते.”

लोकांच्या दृष्टीनें मोठा पालट झाला तो १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर. चारशें वर्षें लॅटिनमध्यें ऐकलेली मिस्सा मराठींत ऐकूं आली. माझे वडील पहिल्या मराठी मिस्सेहून आले आणि बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, आजवर आपण काय ऐकत होतों तें आज कळलें. त्याच भाषेचा पुढें असा मान झाला कीं, नंदाखालच्या मातींत जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० सालीं उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैंत ते वारले. हरित वसईसाठीं, पाण्यासाठीं, केळींच्या वाड्यांसाठीं त्यांनीं केलेली चळवळ आमच्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिली आहे.

वाडीचा निकाल अखेर लागला. पुस्तकांतील नोंदीची प्रत, धर्मगुरूंचा शिक्का आणि गांवच्या दोन वृद्धांचे जबाब मिळून कचेरीचें समाधान झालें. त्या दोन वृद्धांपैकीं एक पलीकडच्या वाडीचे, आमच्या पणजीच्या धर्मकन्येचे नातू. जबाबांत नातें काय लिहावें असें कारकुनानें विचारलें. त्यांनीं ‘कुपारी’ असें सांगितलें. कारकुनानें तें जातीच्या रकान्यांत लिहिलें. मातीच्या गाड्या परत भरून न्याव्या लागल्या, आणि गेल्या वैशाखांत पुतण्यांनीं बावखलांतली जलपर्णी उपसली. वाडी राहील कीं विकली जाईल याविषयीं घरांत एकमत नाहीं. थोरला पुतण्या म्हणतो, केळ्यांवर कोणाचें घर चालत नाहीं. तो खोटें बोलत नाहीं.

मी स्वतः आतां रेल्वेच्या पूर्वेस एव्हरशाईन सिटींत राहतों. जेथें भातशेतें होतीं तेथें या इमारती आहेत. २०१८ च्या जुलैंत वसई पाण्याखालीं गेली तेव्हां पाण्यानें आपली जुनी वहिवाट बरोबर ओळखली. आमच्या इमारतींत केरळचे, मंगळूरचे, गोव्याचे, रांचीकडचे ख्रिस्ती आहेत. अहमदनगरकडून आलेलें अमेरिकन मिशनच्या परंपरेचें एक मराठी कुटुंबही आहे. धर्मग्रामाच्या कुटुंबपत्रिका भरण्याचें काम माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाकडे येतें, आणि मी तें आवडीनें करितों. पत्रिकेंत पहिल्या रकान्यांत कुटुंबप्रमुखाचें नांव, मग बाप्तिस्म्याचें ठिकाण, आणि शेवटीं ‘मूळ गांव’. वडीलमंडळी हा रकाना लिहितांना थांबतात. कोणी आजोबांचें गांव सांगतो, कोणी रेशनकार्डावरचें. मी आतां कंसांत घरनांवही विचारून घेतों. पत्रिकेंत त्यासाठीं जागा नाहीं, समासांत लिहितों. मागच्या महिन्यांत चौथ्या मजल्यावरच्या एका मल्याळी घरीं बापलेकांत वाद झाला. बाप कोट्टायमजवळच्या एका खेड्याचें नांव सांगत होता. नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, “माझं मूळ गाव एव्हरशाईन सिटी.” बाप हंसला. मीं तिच्या नांवापुढें तसेंच लिहिलें.